टाचणीचा एलियन उठत नाही

कुणाच्याही घरी गेली की ती आधी खुर्चीच्या बैठकीवर तळवा दाबून बघायची. मग बसायची. कधी कधी बसायचीच नाही.

टाचण्या तोंडात धरून बोलायची. दोन-चार असल्या तर शब्द कळायचे. जास्त असल्या की फक्त नकार कळायचा.

फोमचा नवा तुकडा आला की नाकाशी धरायची. आंबट वास आला की परत पाठवायची.

उसवलेल्या सोफ्यांतून निघालेल्या वस्तू बरणीत ठेवायची. कंगवा, बटणं, खोटा दात. गिऱ्हाईक आलं की एकेक बाहेर काढून सगळ्यांसमोर विचारायची, "हे कुणाचं?"

"जरा उठता का?" असं कुणी म्हटलं की ती आणखी रेलून बसायची.

सिनेमात खून झाला की ती प्रेताकडे बघत नसे. सोफ्याकडे बघत असे. "गेला," म्हणायची. ते सोफ्याबद्दल असायचं.

तिला सगळे टाचणी म्हणायचे. मी टाचणीमावशी म्हणायचे. गेल्या महिन्यात ती गेली. भर दुपारी, कारखान्यात, स्टुलावर बसल्या बसल्या. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. मला ते अजून नीट कळलेलं नाही. पण लोक तिला आता "बिचारी" म्हणायला लागले आहेत, आणि ते खोटं आहे. तिने एक सिनेमा बनवला. त्याचा शेवट बदलायला सगळे तिच्या मागे लागले होते. तिने तो कुणाला बदलू दिला नाही. बिचारी माणसं असं करत नाहीत.

मी तिच्याकडे पहिल्यांदा गेले ती आईची खुर्ची घेऊन. पदवी नुकतीच हातात पडली होती आणि दुसरं काही हातात नव्हतं.

"काय शिकलीस?" तिने विचारलं.

"साहित्य."

"माझ्याकडेही आहे. फोम, काथ्या, खिळे. तुझ्याकडे काय काय आहे?"

तिने मला बसायला एक खोकं दिलं. त्या दिवसापासून तिने माझं नाव पदवी ठेवलं. खुर्ची नीट झाली, घरी गेली, तरी मी जात राहिले.

तिचा कारखाना म्हणजे तिच्या थोरल्या भावाच्या गोदामाचा मागचा भाग. पुढे दादाचे नळ आणि पाइप, मागे हिचे सोफे. ती जागा दादाने तिला तात्पुरती दिली होती. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. दर आठवड्याला दादा मागे यायचा, नाकाला रुमाल लावायचा आणि विचारायचा, "मग? कधी हलवतेस?"

"हा सोफा झाला की."

"कुठला हा?"

"तू बसलायस तो."

दादा दचकून उठायचा. त्याला आपण बसलोय हे लक्षातच आलेलं नसायचं.

तिचे यजमान, आमचे काका, बसमध्ये कंडक्टर होते. सगळी नोकरी उभ्याने काढली. निवृत्त झाल्यावर त्यांनी आयुष्यात एकच निश्चय केला, की आता बसायचं. गुडघ्यांनीही त्याला दुजोरा दिला. कारखान्यातल्या एका खुर्चीत ते दिवसभर असायचे आणि गिऱ्हाइकांना पुढे सरकायला सांगायचे.

जेवणाच्या सुटीत आम्ही तिथल्या जुन्या टीव्हीवर जे लागेल ते बघायचो. एकदा एलियनच्या शिकारीचा सिनेमा लागला होता. एलियन सोफ्यामागे लपला. शिकाऱ्यांनी गोळ्या झाडल्या. सोफ्यातला कापूस खोलीभर उडाला. मावशीने तोंडातल्या टाचण्या काढून हातावर घेतल्या.

"त्याने केलं काय होतं?"

"पृथ्वीवर आला," मी म्हटलं.

"आला. मग?"

"मग काय? परका आहे तो."

"कुणी विचारलं का त्याला, बाबा रे, काय हवंय तुला? आल्या आल्या बंदूकच." तिने टीव्ही बंद केला. "आपण काढू."

"काय?"

"सिनेमा. तू लिही. एलियनची शिकारच लिही, पण नीट. लोक घाबरले पाहिजेत आणि हसलेही पाहिजेत. दोन्ही एकदम. भर बैठकीत कुणाखाली खुर्ची मोडते तेव्हा होतं ना, तसं."

काका म्हणाले, "खूळ लागलंय हिला."

"तुम्ही एलियन," ती म्हणाली.

मी मन लावून पटकथा लिहिली. तिच्यात यान होतं, गच्च्यांवरून पाठलाग होता, कालव्यात उडी होती. मावशीने ती वाचली नाही. ती एलियनचा अंगरखा शिवत होती. सोफ्यांचं उरलेलं कापड होतं. हिरवी मखमल, तपकिरी रेक्झिन, पाठीला एक फुलाफुलांचा तुकडा. तिने आयुष्यात माणसासाठी कधी काही शिवलं नव्हतं. काका खुर्चीत बसले होते, तसंच तिने त्यांचं माप घेतलं. आत अस्तर लावलं, फोम भरला, कापड ताणलं आणि दाभणाने मागून शिवून टाकलं. सोफ्याचं कापड ताणूनच बसवतात. नाहीतर सुरकुत्या पडतात, आणि सुरकुती तिला खपत नसे.

चित्रीकरणाचा दिवस आला. कॅमेरा लग्नांचे व्हिडिओ काढणाऱ्या एका गृहस्थांचा होता. आम्ही त्यांना व्हिडिओवालेच म्हणायचो. काकांना आत घालून, पाठ शिवून तयार केलं. व्हिडिओवाले ओरडले, "हं, काका, उठा आणि पळा!"

काही झालं नाही.

"काका, उठा!"

"उठलोय की," आतून आवाज आला.

ते उठले नव्हते. गुडघे काटकोनात शिवले गेले होते. कंबरही. आम्ही दोन्ही बाजूंनी धरून त्यांना उचललं. ते हवेतही तसेच बसलेले. पायांवर टेकवून सोडलं तर नाकावर पडले. फोम होता म्हणून लागलं नाही. पुन्हा सरळ करून ठेवलं. व्हिडिओवाल्यांचं हसून हसून पोट दुखायला लागलं. मला हसावं की रडावं कळेना. माझा पाठलाग, माझा कालवा.

"उसवू या गुडघे," मी म्हटलं.

मावशीने त्यांच्याभोवती एक फेरी मारली. तयार झालेल्या सोफ्याभोवती मारायची तशी. बैठकीवर, म्हणजे काकांच्या मांडीवर, तळवा दाबून पाहिला.

"राहू दे. धावणारे एलियन सगळ्यांनी पाहिलेत. हा बसेल."

"अगं मावशी, बसून राहिलेल्याची शिकार कशी लिहू मी?"

"तुझं कुठे काय अडलंय? घोडं अडलंय ते शिकाऱ्यांचं. त्यांनी बघावं. हा बसलाय."

तेच सिनेमाचं नाव झालं. 'तो बसलाय'.

गोष्ट अशी. गावात एलियन उतरल्याची बातमी येते. शिकाऱ्यांची टोळी निघते. टोळीचा म्होरक्या कोपऱ्यावरचा किल्लीवाला. त्याला खरोखरच कुठलंही दार उघडता येतं, म्हणून घेतला. हत्यारं म्हणजे गालिचा झोडपायचं बडवणं, पंक्चरवाल्याचा पंप, एक मासे पकडायचं जाळं. ते घराघरात शिरतात, पलंगाखाली बघतात, पिंपात बघतात. एलियन सगळीकडे असतो. तो बैठकीच्या खोलीत बसलेला असतो आणि खुर्चीसारखाच दिसतो. शिकारी शोधून शोधून दमतात आणि त्याच्याच मांडीवर टेकतात. पुढची योजना आखतात. तेवढ्यात खुर्चीचा डावा हात हळूच वर येतो आणि बसलेल्याच्या खांद्यावर पडतो. बस, एवढंच. मारत नाही, चावत नाही. थोपटतो.

हे लिहिताना मला हसू येत होतं. पडद्यावर पाहिलं तेव्हा माझी बोबडी वळली.

व्हिडिओवाल्यांनी आयुष्यभर लग्नंच काढली होती. त्यामुळे ते शिकाऱ्यांच्या टोळीवरून कॅमेरा असा फिरवायचे की एकही चेहरा सुटता कामा नये, उद्या कुणी रुसायला नको. कुणी घास तोंडात घातला की जवळ जायचे. आणि एलियन पहिल्यांदा दिसतो तिथे त्यांनी पायांपासून सुरुवात केली. सावकाश वर, गुडघे, मांडीवर ठेवलेले हात, मग चेहरा. मुंडावळ्या तेवढ्या नव्हत्या.

"ही नवरीची एंट्री झाली," मी म्हटलं.

"असू दे," मावशी म्हणाली. "त्याच्याकडे आजवर कुणी असं पाहिलं नसेल."

आवाज तिने स्वतः केले. फोमच्या लाद्या उभ्या करून कोपऱ्यात एक खोली बनवली, आत माइक ठेवला. एलियनचा श्वास म्हणजे गंजक्या स्प्रिंगवर हळूहळू टाकलेला भार. त्याचा राग म्हणजे ओलं रेक्झिन फाडणं. रागाचा प्रसंग सिनेमात एकच आहे. शिकारी त्याच्यावर चहा सांडतात तो.

त्या खोलीत एकदा मी तिला म्हटलं, "मावशी, तो एलियन म्हणजे तूच ना? सगळे उठ म्हणतात आणि तू..."

"गप. तो एलियन आहे. मी सोफे शिवते."

त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

सिनेमा तयार झाला तेव्हा त्याचा शेवट असा होता. शिकारी हरतात. हत्यारं खाली ठेवतात, आपापल्या खुर्च्या आणतात आणि त्याच्याभोवती बसतात. बसून राहतात. संपला.

गावात एकच छोटं थिएटर आहे. त्याच्या खुर्च्या मावशीनेच एकदा नव्याने मढवल्या होत्या. थिएटरवाल्याने आपल्या ऑफिसात सिनेमा पाहिला. दोनदा खो खो हसला. एकदा एवढा दचकला की हातातलं पाणी शर्टावर. संपल्यावर म्हणाला, "पुढे?"

"संपला," मावशी म्हणाली.

"अहो, पण शिकार कुठाय?"

"सगळा सिनेमाभर शिकारच करतायत की."

"पण मेला कुठे तो?"

"नाही मेला."

"मग लोक काय बघून घरी जाणार?"

"घरी जाऊन आपापल्या खुर्च्या बघतील."

थिएटरवाला समजुतीच्या सुरात आला. "बाई, हे बघा. चांगला बनवलाय तुम्ही, वेगळाच आहे. एक सीन घाला फक्त. त्याला मारा. उद्या लावतो."

"नाही."

त्या वेळी तिच्या तोंडात एकही टाचणी नव्हती.

मग सगळ्यांनी सुरू केलं. व्हिडिओवाले म्हणाले, मोठ्या पडद्यावर माझं नाव येईल हो ताई, एका सीनने काय बिघडतंय. किल्लीवाला म्हणाला, मी मारतो, मला काही वाटणार नाही. दादा म्हणाला, "मार आणि मोकळी हो. लोक हसतायत आपल्याला."

"हसायलाच काढलाय."

"शूटिंग बघितलेले घाबरतायतसुद्धा."

"त्यासाठीही."

काका अंगरख्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. म्हणाले, "मार गं मला एकदाचं. आत फार उकडतं."

"तुम्ही गप्प बसा."

"बसलोच आहे."

ती माझ्याकडे वळली. मला वाटलं, आता मला विचारेल. तिने विचारलं नाही. म्हणाली, "मेलेला एलियन कुणालाही जमतो. बसलेला जमवून दाखवा म्हणावं. पदवी, अस्तराचं पांढरं कापड काढ."

रविवारी दुपारी तिने कारखान्याचं शटर खाली ओढलं आणि भिंतीवर अस्तर ताणून बसवलं. एक सुरकुती नाही. दुरुस्तीला आलेले सोफे ओळीने लावले आणि ज्याचा त्याला निरोप धाडला, या आणि आपल्या सोफ्यावर बसून सिनेमा बघा. लोक आले. ज्यांच्या सोफ्याचा फोम काढला होता ते नुसत्या स्प्रिंगांवर बसले. थिएटरवाल्याला बोलावलं नव्हतं. तोही आला आणि दाराजवळ भिंतीला टेकून उभा राहिला. दादा पहिल्या रांगेत होता. तोंड पाडून, हाताची घडी.

लोक हसत होते. शिकारी थकून खुर्चीत टेकले. योजना सुरू झाली. डावा हात हळूच वर आला.

त्याक्षणी अख्ख्या कारखान्यातली माणसं आपापल्या सोफ्यांवरून उडाली. स्प्रिंगा एकदम वाजल्या, तो आवाज तर सिनेमातसुद्धा नव्हता. एक बाई आपल्या उशीला बडवत होत्या. मग कुणीतरी हसलं आणि सगळे हसत सुटले. दादा पार भिंतीपाशी पोचला होता.

"काय झालं रे दादा?" मावशीने अंधारातून विचारलं.

"मुंगी चावली."

संपल्यावर लोक खाली बसायला तयार नव्हते. उभे राहूनच बोलत होते. थिएटरवाला पुढे आला. त्याचा आवाज वेगळा झाला होता.

"मी हरलो. मारू नका त्याला. पण बाई, निदान जाऊ द्या. तो उठतो, दारापाशी जातो, मागे वळून बघतो. लोक हात हलवतात. रडतील लोक, लिहून देतो. पुढच्या आठवड्यात लावतो, मोठ्या पडद्यावर."

सगळ्यांना हायसं वाटलं. मलाही. किती साधा, किती बरा तोडगा होता. दादा म्हणाला, "हे पटतं. जाऊ दे त्याला. मानाने."

"कुठे जाऊ दे?" मावशीने विचारलं.

"त्याच्या घरी."

"ते कुठंय, दादा?"

दादाने खिशातून रुमाल काढला आणि तसाच परत ठेवला. काका एकटे सोफ्यावर होते. ते म्हणाले, "उठायचं असेल तर आधी गुडघे उसवावे लागतील."

मावशी अस्तर भिंतीवरून उतरवायला लागली. पाठमोरीच म्हणाली, "सगळे सांगताहेत. मर, जा. विचारत कुणी नाही. एक सीन वाढवू. शिकारी त्याला विचारतील, तू जाणार का? मग तो सांगेल."

"काय सांगेल?" थिएटरवाला.

"सांगेल तेव्हा कळेल."

"आज सांगा की. जातो म्हणेल ना?"

"मी नाही. तो सांगेल."

"काय म्हणेल ते म्हणू दे, पण शेवट हवा मला," थिएटरवाला म्हणाला आणि शटर वर करून गेला.

दोन दिवस मी तिच्या मागे लागले. लिहायचं काम माझं होतं. तिने ते एवढंच वाक्य मला लिहू दिलं नाही. "तू छान लिहिशील," म्हणाली. "म्हणून नको."

प्रसंग चित्रित झाला. अगदी साधा. किल्लीवाला एलियनसमोर गुडघे टेकून बसतो आणि विचारतो. पुढे कॅमेरा एलियनच्या चेहऱ्यावर थांबतो. फोमचं तोंड हलतं की नाही कळत नाही, त्यामुळे उत्तर मागाहून आवाजात घालायचं होतं. एका सकाळी किल्लीवाल्याचा प्रश्न रेकॉर्ड केला. एलियनचं उत्तर ती स्वतःच्या आवाजात देणार होती. "दुपारी," म्हणाली. "आता घसा कोरडा आहे. तू जेवून ये."

मी जेवायला घरी गेले. दादाचा फोन आला.

पुढचे दिवस मी कुणाशी काय बोलले ते मला आठवत नाही. थिएटरवाला भेटायला आला ते मात्र आठवतं. कारखान्यातच आम्ही सगळे होतो. तो खरंच हळहळत होता. म्हणाला, "श्रद्धांजली म्हणून लावू या. फक्त ते एक वाक्य घाल. 'मी जातो' एवढं पुरे. आता तर ते किती शोभेल बघ. थिएटरात एक डोळा कोरडा राहणार नाही."

तो म्हणाला ते खरं होतं. फार शोभलं असतं. मी डोळे मिटले तर मला तो शेवट दिसत होता, आणि मला त्याचा राग आला.

मी काही म्हणायच्या आत दादा बोलला. आज त्याच्या हातात रुमाल नव्हता. "आमच्या बहिणीला ओळखत होतात ना तुम्ही?"

"हो, म्हणजे..."

"मग ती 'जातो' म्हणाली असती असं कसं वाटलं तुम्हाला?"

"मग 'नाही जात' घाला. मला चालेल. काहीतरी घाला!"

"तेही नाही," मी म्हटलं. "तिने सांगितलेलं नाही. आम्ही तिच्या तोंडी काही घालणार नाही. मरणाचं नाही, जाण्याचं नाही, राहण्याचंही नाही."

"मग मी लावू शकत नाही."

"नका लावू. आमच्याकडे अस्तर आहे."

तो गेला. काकांनी अंगरखा मांडीवर ओढून घेतला. मग म्हणाले, "मला घाला आत. मी बोलून बघतो."

"काय बोलाल काका?"

"ते मला सांगितलंच नाही तिने." आणि ते तिथेच बसून राहिले.

आता दर रविवारी आम्ही तो दाखवतो. शटर दादा ओढतो. लोक सोफे दुरुस्तीला नसले तरी येतात, काही जण घरून खुर्ची आणतात. किल्लीवाला पडद्यावर विचारतो, "बाबा, तू जाणार का?" आणि कारखान्यात एकही स्प्रिंग वाजत नाही. लोक चिडतात. गेल्या वेळी एका माणसाने ओरडून विचारलं, "अरे, बोल की!" आम्ही दिवे लावले.

परवा व्हिडिओवाल्यांनी मला त्यांच्या कॉम्प्युटरवर त्या प्रसंगाचं एडिटिंग उघडून दाखवलं. त्या सकाळी प्रश्न रेकॉर्ड झाल्यावर मावशी त्यांच्या शेजारी बसली होती. उत्तरासाठी किती जागा सोडायची, ते तिने बोट दाखवून सांगितलं होतं. इथपर्यंत. अजून. आणखी थोडी. हं.

ती जागा तशीच आहे. मी वाजवून पाहिली. 'हो'ला इतकी लागत नाही. 'नाही'लाही लागत नाही. तिला बरंच काही बोलायचं होतं. ते भरायचं राहिलं आहे.